तीस नंबरनंतरचा थांबा

२८ जुलै

बाई,

घरी मावशी आणि शाळेत बाई, हा तुमचाच नियम. हे पत्र शाळेबद्दल आहे, म्हणून बाई.

तुमचा सातवीचा वर्ग हाती घेऊन आज नऊ दिवस झाले. प्रयोगशाळेतून मला ३० नोव्हेंबरपर्यंत रजा मिळाली आहे. तिथे मी वजनकाटे आणि तापमापक तपासत होते. काटा चुकत असेल तर किती चुकतो, ते तिथे कागदावर मांडता येतं. इथे चौतीस मुलं आहेत आणि प्रत्येक जण वेगळ्या दिशेला चुकतो.

घंटा झाल्यापासून शेवटचं पेन वहीवर टेकेपर्यंत सरासरी नऊ मिनिटं दहा सेकंद लागतात. तास पस्तीस मिनिटांचा. म्हणजे पाव तासिका ‘बाई, माझी वही सापडत नाही’ आणि ‘बाई, हा ढकलतो’ यातच जाते. मी बावीस नियमांचा तक्ता करून फळ्याशेजारी लावला. दुसऱ्या दिवशी खाली कोणीतरी तेविसावा लिहून ठेवला होता: ‘श्वास घ्यायचा असल्यास आधी परवानगी घ्यावी.’ अक्षर चांगलं होतं. खोडला नाही.

मुख्याध्यापिका म्हणतात, तुमच्या वर्गात भिंतीवर एकही नियम नव्हता, तरी कॉरिडॉरमधून जाताना पंख्याचा आवाज ऐकू यायचा. मग नियम होते कुठे? कृपया क्रमवार कळवा.

घर ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, वायसर बदलला. तुमची खुर्ची खिडकीपाशी होती तिथेच आहे.

वहिनीचा पाय मोडला म्हणून दादाकडे जाताना तुम्ही सहामाही परीक्षेनंतर परत येते म्हणालात. मुख्याध्यापिकांना ३० नोव्हेंबरच्या आत तुमचं लेखी उत्तर हवं आहे. त्यानंतर त्या तुमच्या जागी कायमचं माणूस घेणार. फोनवर आपण दोघी ‘बरं आहे ना’ ‘बरं आहे’ एवढंच बोलून ठेवून देतो, म्हणून लिहिते आहे.

वहिनीचा पाय कसा आहे?

तुमची भाची


१४ ऑगस्ट

चिरंजीव फूटपट्टी हिला आशीर्वाद.

बावीस नियम! अगं, मुलं आहेत की कैदी? तेविसावा लिहिणारा कोण ते मला इथे बसून सांगता येईल, पण सांगणार नाही. त्याला फळा पुसायचं काम दे. हात रिकामे असले की डोकं चालतं त्याचं.

तक्ता काढ आधी. भिंतीवरचं वाचतं कोण? माझे चारच नियम होते, आणि ते मुलांसाठी कमी अन् माझ्यासाठी जास्त होते.

पहिला, दारात उभं राहायचं. टेबलाशी नाही, दारात. एकेकाचं तोंड बघून आत सोडायचं. कोण रडून आलंय, कोण उपाशी आलंय, कोणाच्या खिशात काय वळवळतंय, ते तिथेच कळतं. एकदा आत गेली की सगळी सारखीच दिसतात.

दुसरा, पहिलं काम आधीच फळ्यावर असायला हवं. मुलाच्या हाताला काम नसलं की ते शेजाऱ्याच्या पाठीत शोधतं.

तिसरा, ओरडायचं नाही. हात वर करून गप्प उभी राहा. पहिला आठवडा तुझा हात दुखेल. दुसऱ्या आठवड्यात ती एकमेकांना ‘शू’ करतील आणि त्या ‘शू’चाच गोंगाट होईल. तिसऱ्यात होईल सगळं.

चौथा, उशिरा येणाऱ्याने दारातून ‘येऊ का’ म्हणायचं, आपण ‘ये’ म्हणायचं. कारण विचारायचं नाही. दाराजवळचा स्टूल त्याच्यासाठी. बसायचं आणि लिहायला लागायचं. बस.

आणि नियम नुसता सांगून भागत नाही, गिरवून घ्यावा लागतो. वही बाहेर काढायची, परत आत ठेवायची, पुन्हा काढायची. अक्षर गिरवतात तसं. मोठी झाली म्हणून लाजू देऊ नकोस.

तुझ्या वहिनीचा पाय अजून प्लास्टरमध्येच. पलंगावरून हुकूम सोडते आणि मी आपली वरखाली करते. काळजी करू नकोस. वेळेवर जेव.

मावशी


२ सप्टेंबर

बाई,

तक्ता काढला. वही काढण्याचा सराव सलग चार दिवस घेतला. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून ‘आम्ही काय बालवाडीत आहोत का?’ असा प्रश्न आला. मी घड्याळ दाखवलं आणि म्हटलं, ‘बालवाडीला एक मिनिट लागतं, तुम्हाला चार लागले.’ ते लागलं त्यांना. आता सरासरी दोन मिनिटं पाच सेकंद. दारात उभं राहणं जमतं आहे. हात वर करणंही. ‘ये’ म्हणणं जमतं, पण उशिराचं कारण न विचारणं कठीण जातं. माझ्या कामात कारण सापडल्याशिवाय पुढे जात नाहीत.

एक चूक झाली, ती नोंदवते. एकतीस नंबरच्या मुलीला मी चार दिवस गैरहजर मांडलं. ती चारही दिवस तिसऱ्या बाकावर बसलेली होती. मी ‘तीस’ म्हणत होते, उत्तर येत होतं. लगेच ‘एकतीस’ म्हणत होते, उत्तर नाही. पाचव्या दिवशी ती स्वतःच टेबलापाशी आली.

‘बाई, माझ्या घरी निरोप गेला की मी शाळा बुडवते.’

‘मग हजेरी का देत नाहीस?’

‘तुम्ही थांबतच नाही ना! तीसनंतर थांबायचं असतं. मी तेव्हा पेन्सिलीला टोक काढते.’

‘का थांबायचं असतं?’

‘असतंच.’ मग माझी कीव आल्यासारखी म्हणाली, ‘तुम्ही नवीन आहात.’

मी वर्गाला विचारलं. चौतीसच्या चौतीस जणांचं एकमत: बाई तीसनंतर थांबतात. तीस नंबरचा मुलगा म्हणाला, ‘मागच्या वर्षी सहावीत थोडंच थांबायच्या. या वर्षी खूप वेळ.’ हा थांबा तुमच्या चार नियमांत नव्हता. कृपया खुलासा करावा.

आणखी दोन नोंदी. वहिनीचा पाय तुम्ही निघण्याच्या दोन आठवडे आधी मोडला म्हणालात. प्लास्टर सहा आठवड्यांत निघतं. हा नववा आठवडा आहे. आणि मागच्या वर्षीच्या तुमच्या पत्रात अक्षराची उंची चार मिलिमीटर होती. या पत्रात सात आहे.

तुमची भाची


१७ सप्टेंबर

फूटपट्टी,

माझ्या अक्षराला मोजमाप लावायला मी काय तुझा वजनकाटा आहे? इथे मिळणारा कागद खरबरीत आहे. त्यावर बारीक लिहिलं तर पेन अडकतं.

हाड वेडंवाकडं जुळलं, म्हणून पुन्हा प्लास्टर घातलंय. मी डॉक्टर नाही, तूही नाहीस.

तीसनंतर मी चष्मा पुसायची. मुलांना कशाचंही कौतुक. त्यात खुलासा करण्यासारखं काही नाही. पाहिजे तर थांब, नाही तर नको थांबूस.

सहामाहीचे पेपर सोपे काढ.

मावशी


२४ ऑक्टोबर

बाई,

पेपर सोपे काढले. तरी दोन मुलं नापास झाली. आता त्यांच्याबरोबर शाळेनंतर बसते.

मागचं पत्र मी तीनदा वाचलं. वाचलं म्हणण्यापेक्षा तपासलं. तुमची शिरोरेघ नेहमी उजवीकडे चढत जायची, एका ओळीत साधारण तीन मिलिमीटर. या पत्रात ती कुठेच चढत नाही, सगळीकडे दोरीसारखी सरळ आहे, आणि दोन ठिकाणी अक्षरं रेघेपासून सुटली आहेत. म्हणजे आधी पट्टीने रेघा मारल्या आणि मग चाचपडत अक्षरं खाली टांगली. ज्याला ओळ दिसते तो असं करत नाही. थेट विचारते: डोळ्यांना काय झालं आहे?

उत्तर मिळेपर्यंत माझ्याकडचं लिहिते. एरवी लिहिलं नसतं.

मी आता तीसनंतर थांबते. नाही तर मुलं अस्वस्थ होतात. मी थांबले की ती चुळबुळ सोडून दाराकडे बघतात. कोणी सांगितलेलं नाही, पण सगळी दाराकडेच बघतात. काल मीही बघितलं. दारात कोणी नव्हतं, आणि मला एकदम तिथे उभं राहून आत बघणं आठवलं.

मी अकरा वर्षांची होते. आई, म्हणजे तुमची धाकटी बहीण, मला तुमच्याकडे ठेवून समुद्रापलीकडे कामाला गेली होती. ‘दोन वर्षं’ म्हणाली होती. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. लिहिताना मला क्रम लागतो, म्हणून लिहिते. शाळेसाठी तुम्ही सातला निघायच्या आणि मी सव्वासातला. बाईंचं बोट धरून येणारी मुलगी वर्गाची होत नाही, असं तुम्ही सांगितलं होतं. ते बरोबर होतं. पण मी सरळ शाळेत येत नव्हते. आधी पोस्टात जायची. मागच्या खिडकीतून पोस्टमास्तर टपाल निवडताना दिसायचे. सात पंचविसाला त्यांचं निवडून व्हायचं. ते माझ्याकडे बघून मान हलवायचे. मग मी पळायची. साडेसातला घंटा झालेली असायची.

‘येऊ का, बाई?’

‘ये.’

आणि तो स्टूल.

तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. शाळेतही नाही आणि घरीही नाही. मी रोज पळताना उत्तर तयार करायची. तीन होती, दोन खोटी आणि एक खरं. खरं शेवटी ठेवलं होतं, तुम्ही फारच खोदून विचारलंत तर द्यायचं म्हणून. ते तसंच राहिलं. आईची पत्रं थांबली, तिने तिकडेच घर केलं, मी पोस्टात जाणं सोडलं आणि वेळेवर यायला लागले. त्याबद्दलही कोणी काही म्हणालं नाही. तेव्हापासून मी घरीसुद्धा तुम्हाला तुम्हीच म्हणते. तुम्ही ते बहुधा शिस्त म्हणून घेतलंत.

ही तक्रार नाही. चौथा नियम रोज पाळते तेव्हा स्टुलावरच्या मुलाच्या तोंडाकडे बघते आणि हे आठवतं, एवढंच.

माझा हजेरीचा नंबर एकतीस होता. योगायोग असण्याची शक्यता मोठी आहे. फक्त नोंद करते.

३० नोव्हेंबरला पाच आठवडे उरले. तुम्ही येणार आहात का?

तुमची भाची


१२ नोव्हेंबर

चिरंजीव फूटपट्टी हिला आशीर्वाद.

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे. मी सांगते, ती लिहिते. मध्ये स्वतःचं काही घुसडू नकोस म्हणून तिला बजावलंय.

जिंकलीस. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. दोन्ही डोळ्यांच्या. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याचा चेहरा नाही दिसत, कान दिसतात. या वर्षी हजेरीपट वाचताना पानाच्या खालचे नंबर सापडेनात, म्हणून चष्मा पुसायला वेळ लागायचा. मुलं कसली हुशार, बरोबर पकडलं त्यांनी. इथल्या डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या. वाढायचं थांबलंय, पण गेलेलं परत येत नाही.

तुला कळवलं असतं तर तू रजा टाकून इकडे आली असतीस आणि दवाखान्यातली यंत्रं तपासत बसली असतीस. म्हणून नाही कळवलं.

आता दुसरं. हे फोनवर मला बोलता आलं नसतं.

पोस्टमास्तर मला दुसऱ्याच आठवड्यात रस्त्यात भेटले होते. म्हणाले, बाई, तुमच्याकडची पोरगी रोज खिडकीशी येते, काय सांगू तिला? मी म्हटलं, जे असेल ते सांगा. त्या दिवशी तू दारात आलीस, घामाघूम, तोंड एवढंसं झालेलं. माझ्या तोंडावर आलं होतं, कुठे होतीस? आणि लक्षात आलं की विचारलं तर तुला म्हणावं लागेल, पत्र आलं नाही. आज म्हणशील, उद्या म्हणशील, रोज म्हणशील. सगळ्या वर्गासमोर. घरी विचारलं असतं तर तुला माझ्याकडे बघावं लागलं असतं, आणि मी तुझ्या आईसारखीच दिसते.

एका मुलीसाठी वेगळं वागता येत नाही. म्हणून सगळ्यांसाठी नियम केला. उशिरा येणाऱ्याला कारण विचारायचं नाही. वर्गाला वाटलं, बाई किती कनवाळू. बाई कसल्या कनवाळू, बाई एकाच मुलीसाठी सगळ्यांना सोडत होत्या.

हजेरी मी सावकाश घ्यायची. ‘तीस’ म्हटलं की चष्मा काढायची, रुमालाने पुसायची आणि दाराकडे बघायची. चष्म्याशिवाय दार मला तेव्हाही धुरकटच दिसायचं. पण तुझी चाल ओळखू यायची. डावा पाय जरा आपटतेस तू. तू दिसलीस की चष्मा घालायचा आणि म्हणायचं, ‘एकतीस.’ त्या वर्षीचा हजेरीपट कपाटात असेल तर काढून बघ. तुझ्या नंबरापुढे उशिराची एकही खूण नाही.

तू आठवीत गेलीस, शाळेतून गेलीस, गावाबाहेर शिकायला गेलीस. तीसनंतर हात आपोआप चष्म्याकडे जायचा. सवय लागली की लागली.

विचारायला हवं होतं का? आता वाटतं, एकदा तरी. घरी. दिवा लावताना वगैरे. नियम चांगला होता, पण तो मी घरीसुद्धा पाळत बसले. ते चुकलं.

मुख्याध्यापिकांना कळव, मी येणार नाही. घरीही येणार नाही. आंधळ्या मावशीला सांभाळायला तुला वाढवलं नाही. तू तुझ्या काट्यांकडे परत जा. तिथे तुला चांगलं जमतं.

मावशी

(वन्सं, मी वहिनी. आईंना वाचता येत नाही, म्हणून खाली लिहिते आहे. माझा पाय कधी मोडलाच नव्हता. तुमचा फोन आला की मला विव्हळायला लावायच्या. एकदा मी जिन्यावरून धावत येऊन फोन घेतला, तर माझ्यावर डोळे वटारले. दुसरी गोष्ट. रोज सकाळी साडेसातला त्या खुर्ची दाराकडे वळवून बसतात. एक ते तीस मोजतात, मोठ्याने. मग चष्मा काढून पुसतात. त्या चष्म्याचा आता काही उपयोग नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले. म्हणाल्या, ‘तू नाहीस. बाजूला हो.’)


२१ नोव्हेंबर

मावशी,

वहिनी, हे मोठ्याने वाच आणि काही गाळू नकोस.

कपाटातून हजेरीपट काढला. एकशे शहाऐंशी दिवस. एकही खूण नाही. मी दारात पोचायची तेव्हा नेमका माझाच नंबर पुकारला जायचा, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला वाटायचं, निदान या एका बाबतीत माझं नशीब वेळेचं पक्कं आहे. योगायोग एकशे शहाऐंशी दिवस टिकत नाही, हे कोणीही सांगेल. माझा तर तो धंदा आहे. यंत्र बरोबर होतं. मी पंधरा वर्षं वाचन चुकीचं घेतलं.

उत्तर न विचारता देते. तिसरं, खरं उत्तर असं होतं: ‘पोस्टात गेले होते. पत्र नव्हतं. मावशी, आज मला तुझ्याजवळ बसू दे.’

आता कामाचं.

मुख्याध्यापिकांना सांगितलं की तू नोकरीवर परत येणार नाहीस. वार्षिक परीक्षेपर्यंत वर्ग मी घेते. प्रयोगशाळेकडे रजा वाढवून मागितली आहे. त्यांनी नाही म्हटलं तर बघू. पुढच्या वर्षाचं मला आज माहीत नाही, आणि माहीत नसताना लिहायची मला सवय नाही.

घरातल्या पाचही पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी रंगवली. कडेकडेचं दिसतं म्हणालीस, म्हणून पट्टी दोन्ही टोकांना भिंतीवर एक वीत चढवली आहे. घरापासून शाळेचं फाटक चारशे बारा पावलं. माझी. तुझी पाचशेच्या आसपास भरतील. रस्ता एकदाच ओलांडावा लागतो.

मुलांना सांगितलं की बाईंच्या डोळ्यांना आता चेहरे दिसत नाहीत. मग तेविसाव्या नियमवाल्याने विचारलं, ‘मग कॉपी केलेली कळणार नाही?’ एकतीसने त्याला तिथल्या तिथे सुनावलं, ‘गप रे, त्यांना कान दिसतात. आणि तुझे तर कुठूनही दिसतील.’ हसले सगळे. मीही. नंतर तीस नंबरचा म्हणाला, ‘कविता पाठ घ्यायला डोळे कशाला लागतात?’ त्याला मी उत्तर दिलं नाही. उत्तर तू दे, शनिवारी पहिल्या तासाला. मुख्याध्यापिका हो म्हणाल्या आहेत.

सांभाळण्याबद्दल लिहिलंस. मी सांभाळायला बोलावत नाही. दोन खुर्च्या आहेत आणि एकीवर कोणी बसत नाही. गेले चार महिने मी घरी आले की आधी तिकडे बघते. मग चुलीकडे जाते. हे मोजण्यासारखं नाही, म्हणून आजवर नोंदवलं नव्हतं.

परवा हजेरी घेताना तीसपाशी थांबले. मला चष्मा नाही, म्हणून मी हातावरचा खडू पुसते. सगळी दाराकडे बघत होती. एकतीसने पेन्सिल खाली ठेवली.

‘बाई, आपण कोणाची वाट बघतो?’

‘ज्याला उशीर झालाय त्याची.’

‘का झाला उशीर?’

मी काही बोलायच्या आत अख्खा वर्ग एका सुरात तिच्यावर ओरडला, ‘विचारायचं नाही!’

तर मावशी, तुला उशीर झाला आहे. कारण विचारणार नाही. चौथा नियम. दादाला सांग, गाडीत बसवून दे. मी घ्यायला येते. ‘येऊ का’ म्हणायचीही गरज नाही. तू चालताना दर चौथ्या पावलाला थांबून पर्स चाचपतेस.

लांबून ओळखेन.

तुझी
फूटपट्टी